पूलमधले सोपे आणि अवघड शॉट: डोकं कसं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्यू (मारायची काठी) कसा धरायचा किंवा ब्रिज (क्यू टेकवायला पुढच्या हाताचा आधार) कसा करायचा, हे मला फारसं कुणी विचारत नाही. सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो असा: "मारता येतो, रोज मारतो, तरी ऐन वेळी चुकतो. का?" तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्यू बॉलला, म्हणजे क्यूने मारायच्या बॉलला, इथे सगळीकडे 'पांढरा' म्हटलं आहे, टेबलाजवळ आपण म्हणतो तसं; नुसतं 'बॉल' म्हणजे पॉकेटमध्ये घालायचा तो.

१. शॉट सोपा की अवघड हे ठरवायचं कशावरून? मला तर सोपे दिसणारेच चुकतात.

दिसण्यावर जाऊ नका. सगळ्यात मोठी फसगत सरळ शॉटमध्ये होते. पांढरा, बॉल आणि पॉकेट एका रेषेत आले की आपण 'सरळच तर आहे' म्हणून मोकळे होतो. जरा हिशेब करू. पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा असतो. नऊ फुटी टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ११४ मिमी, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढं. पांढरा बॉलपासून १ मीटरवर आणि बॉल पॉकेटपासून १ मीटरवर असेल, तर पांढरा रेषेपासून ०.१ अंश ढळला तरी बॉल पॉकेटच्या जबड्यावर आपटायला पुरतो. ब्रिजचा हात पांढऱ्यापासून २५ सेंमीवर असेल तर ०.१ अंश म्हणजे टिप (क्यूचं टोक) अर्धा मिलिमीटरसुद्धा सरकलेली नसते. आता पांढरा ३० सेंमीवर आणि बॉल पॉकेटपासून १५ सेंमीवर आणा. ढोबळ हिशेबाने चुकीला पंचवीसपट जागा मिळते. दोन्ही शॉट सरळच आहेत, पण त्यातला एकच सोपा आहे.

कट (बॉल सरळ न मारता बाजूला वळवायचा कोन) वाढला की चूक आणखी फुगते. ६० अंशांच्या कटला पांढऱ्याची तेवढीच चूक बॉलच्या दिशेत सरळ शॉटच्या जवळजवळ दुप्पट उतरते. आणि एक गोष्ट हिशेबात हमखास राहून जाते: पांढऱ्याला नंतर कुठे जायचं आहे? बॉल पॉकेटच्या तोंडाशी आहे, पण पुढच्या बॉलसाठी पांढरा दोन कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडांवरून) टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आहे, तर तो शॉट सोपा राहिलेला नाही. फक्त बॉल घालणं सोपं आहे.

२. खरोखर सोपा असलेला शॉट कसा काय चुकतो? हात तर तोच असतो.

हात तोच असतो, डोकं पुढच्या बॉलवर गेलेलं असतं.

माझंच सांगतो. एका सामन्यात आठ नंबर (शेवटचा, घातला की गेम जिंकायचा बॉल) मधल्या पॉकेटपासून वीतभर, पांढरा त्याच्या मागे हातभर अंतरावर. मी टिपेला चॉक लावला नाही. टेबलाभोवती फिरून मागून रेषा पाहिली नाही. होतो तिथूनच वाकलो. एरवी मी तीन-चार वेळा क्यू मागेपुढे करतो, तिथे एकदाच केला आणि मारला. मारताना नजर बॉलवर नव्हती. समोरचा खेळाडू खुर्चीतून उठताना दिसत होता. तो माझ्याशी हात मिळवायलाच उठत होता. बॉल पॉकेटच्या डाव्या टोकाला लागला, उजव्याला लागला आणि तोंडावरच बसला. माणूस जागच्या जागी परत बसला. नंतर क्यू उचलून आला आणि त्याने तो घातला.

यात तंत्राची चूक एकच होती: डोकं वर आलं, आणि डोक्याबरोबर खांदा. पण ते वर आलं कारण माझ्यापुरता तो शॉट मारून झालेला होता. सोप्या शॉटमध्ये हेच होतं. आपण निकाल आधी गृहीत धरतो आणि मग तो मिळवायची कामं एकेक करून गाळतो: चॉक, मागून पाहणं, थांबणं. कुठलं काम गाळलं हे त्या क्षणी लक्षातही येत नाही.

३. मग सोप्या शॉटलाही अवघड शॉटइतकाच वेळ द्यायचा का? ते नाटकी वाटतं.

विचार करायला तेवढा वेळ लागणार नाही, आणि लागूही नये. पण निर्णय झाल्यावर, म्हणजे वाकल्यापासून मारेपर्यंत, जे काही करता ते दोन्हीकडे सारखंच हवं. मी दोन भाग करतो. उभं असताना ठरवायचं: कुठला बॉल, कुठलं पॉकेट, पांढरा कुठे थांबणार, वेग किती. वाकल्यावर काहीही ठरवायचं नाही. उभं असतानाचा भाग सोप्या शॉटला तीन सेकंदांत उरकेल, अवघडाला वीस सेकंद लागतील. वाकल्यानंतरचा भाग मात्र तोच: क्यूचे मागेपुढे तेवढेच फेरे, तोच थांबा, तीच लय.

नाटकी वाटत असेल तर गणित बघा. तुमचे सोपे शॉट शंभरातले ९० जातात असं धरा. चांगलं वाटतं. पण सलग नऊ बॉल घालायची शक्यता त्या हिशेबाने ३९ टक्केच उरते. ९५ गेले तर ६३ टक्के, ९८ गेले तर ८३ टक्के. एखादा अवघड बँक शॉट (बॉल कुशनवर आपटून घालायचा) शिकायला महिने घालवून जे मिळणार नाही, ते सोपे शॉट नेमाने मारून मिळतं. कुणी टाळ्या वाजवणार नाही, हे खरं.

४. मारताना शेवटी नजर कुठे असावी, पांढऱ्यावर की बॉलवर?

बहुतेक चांगले खेळाडू शेवटच्या क्षणी बॉलवर नजर ठेवतात, तो जिथे लागायला हवा त्या जागेवर. ब्रेकला (गेमच्या पहिल्या शॉटला) किंवा पांढरा कुशनला चिकटलेला असताना काहीजण शेवटी पांढऱ्यावर नजर ठेवतात, तेही चालतं. कुठे बघता यापेक्षा ती नजर किती स्थिर राहते हे मोठं आहे. मारण्याआधीच्या या शेवटच्या स्थिर नजरेला कॅनडातल्या संशोधिका जोन विकर्स यांनी 'क्वाएट आय' हे नाव दिलं. २००२ साली बिलियर्ड्स खेळणाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कुशल खेळाडूंची ही नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ टिकते, आणि शॉट गुंतागुंतीचा झाला की आणखी लांबते. तयारीचा वेळ कमी केल्यावर कुशल खेळाडूंचीही कामगिरी घसरली.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट: क्यू मागे नेऊन क्षणभर थांबवा आणि त्या थांब्यात नजर बॉलवर रोवा. प्रश्न २ मधल्या माझ्या शॉटला हा थांबा नव्हताच.

५. अवघड शॉट समोर आला की हात आखडतो. काय करू?

आखडलेला हात म्हणजे शॉट 'वळवून' घालायची धडपड. आपल्याला खात्री नसते, म्हणून मारता मारता दिशा सुधारायला जातो. पण टिप आणि पांढरा यांचा स्पर्श एक-दोन मिलिसेकंदच टिकतो. त्यानंतर तुम्ही क्यू वळवा, अंग वाकवा, जीभ बाहेर काढा, पांढऱ्याला काही फरक पडत नाही. स्पर्शाआधी केलेली दुरुस्ती मात्र त्याला रेषेवरून नक्की हलवते.

म्हणून तीन गोष्टी करा. मागच्या हाताची बोटं सैल सोडा. पकड घट्ट झाली की मनगट फिरतं. साइड (पांढऱ्याला मध्याच्या डावी-उजवीकडे मारून द्यायची फिरकी) लावायचा मोह टाळा. पांढऱ्याला मधल्या उभ्या रेषेवर मारलं तर तो क्यूच्या दिशेने जातो, साइड दिली की सुरुवातीलाच थोडा विरुद्ध बाजूला सरकतो. आणि वेग कमी ठेवा. हळू आलेला बॉल पॉकेटच्या जबड्याला लागूनही आत पडतो, जोरात आलेला तोच बॉल बाहेर उडतो. भीतीने बहुतेकजण नेमकं उलट करतात: जोर वाढवतात, म्हणजे एकदाचं संपेल.

६. अवघड शॉट मारायचा की सेफ्टी (बॉल घालायच्या मागे न लागता समोरच्याला अडचणीत टाकणारा शॉट) खेळायची, हे कसं ठरवू?

'जाईल का?' एवढंच विचारलंत तर उत्तर नेहमी 'जाईल' असंच येतं. पूल खेळणारा माणूस मुळात आशावादी असतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. दहांतून किती वेळा जातो? आणि चुकला तर समोरच्याला काय मिळेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देऊ नका. फाइलच्या कागदाची भोकं फाटू नयेत म्हणून चिकटवतात त्या गोल रिंगा मिळतात. तुम्हाला सतावणारा शॉट लावा, बॉल आणि पांढऱ्याच्या जागी एकेक रिंग चिकटवा आणि त्याच जागेवरून वीस वेळा मारा. वहीत आकडा लिहा. मला जो शॉट सात-आठ वेळा जातो असं वाटायचं, तो दहातून चार वेळाच जात होता. वाईट वाटलं, पण त्यानंतर माझे निर्णय सुधारले.

आता दुसरा प्रश्न. चारदा जाणारा शॉट चुकल्यावर समोरच्याला टेबल उघडं मिळणार असेल तर सेफ्टी. चुकूनही पांढरा कुशनला जाऊन बसणार असेल किंवा दुसऱ्या बॉलच्या आड जाणार असेल, तर तोच शॉट मारण्यासारखा ठरतो. असे 'गेला तर छान, नाही गेला तरी अडचण नाही' शॉट शोधायची सवय लावा. अवघड शॉटसमोरची निम्मी भीती तिथेच जाते.

७. अवघड शॉट मारताना पुढच्या पोझिशनचा (पुढच्या शॉटसाठी पांढरा कुठे थांबेल याचा) विचार करावा का?

करावा, पण उभं असताना. आणि थोडाच. शॉट जितका अवघड तितकी पोझिशनची जागा मोठी ठेवा, म्हणजे एखादी नेमकी जागा न धरता टेबलाचा अर्धा भाग धरा. 'पांढरा त्या बाजूला असला तरी चालेल' एवढं पुरे. शॉटही अवघड आणि पोझिशनही हातभर जागेत, असं झालं तर आदल्या शॉटमध्ये काहीतरी बिघडलं होतं. ते आता दुरुस्त होणार नाही. बॉल घाला.

८. 'विचारच करू नका, नुसतं मारा' असं सगळे सांगतात. तुम्ही तर एवढा विचार करायला सांगताय!

दोन्ही बरोबर आहे, वेळ वेगवेगळी आहे. अंगवळणी पडलेली कृती करताना तिच्या पायऱ्या तपासायला गेलं की ती बिघडते. जिना उतरताना प्रत्येक पावलाकडे लक्ष दिलंत तर अडखळाल, तसंच. म्हणून 'कोपर हललं का, मनगट सरळ आहे का' हे सरावात. सामन्यात वाकल्यावर डोक्यात एखादा शब्द किंवा चित्र पुरतं. मी बॉल पॉकेटमध्ये पडताना पाहतो. एक ओळखीचा मनात 'सावकाश' म्हणतो. बाकी विचार प्रश्न ३ मधल्या उभ्या भागात उरकलेला असतो.

९. वाकल्यावर मध्येच वाटलं की काहीतरी चुकतंय, तर?

उठा. पूर्ण उभे राहा, अर्धवट नको. वाकलेल्या अवस्थेत दिशा बदलून मारलेला शॉट चुकतोच चुकतो. शॉट क्लॉक असला तरी उठायला वेळ असतो. अनेक स्पर्धांत शॉटला ३० सेकंद मिळतात आणि गरजेला एक्स्टेंशन.

१०. शेवटचा बॉल असला की छाती धडधडते. सोपा असला तरी अवघड वाटतो.

धडधड थांबवायच्या मागे लागू नका, ती थांबत नाही. मोठमोठ्यांची थांबली नाही. स्नूकरचं उदाहरण देतो. १९८५ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस ८-० ने पुढे होता. तिथून सामना १७-१७ वर आला आणि निर्णायक फ्रेममध्ये टेबलावर फक्त काळा बॉल उरला. डेव्हिसला बारीक कटची संधी मिळाली आणि बॉल जरुरीपेक्षा बारीक लागला. डेनिस टेलरने तो घालून १८-१७ ने विजेतेपद घेतलं. डेव्हिस त्या वेळचा जगज्जेता होता. मागचं वर्षही त्याचंच होतं.

शेवटच्या बॉलला दोन गोष्टी बदलतात: श्वास वर चढतो आणि मारण्याची घाई होते. वाकण्याआधी एकदा पूर्ण श्वास सोडा, घ्यायच्या नादात राहू नका. आणि स्वतःला विचारा, हाच शॉट तिसऱ्या बॉलला आला असता तर कसा मारला असता? बॉलवर लिहिलेला आकडा टेबलाला वाचता येत नाही.

११. एक अफलातून शॉट गेला आणि लगेच पुढचा हातातला शॉट चुकला. असं नेहमी होतं.

अवघड शॉटला सगळी ताकद लावलेली असते. तो गेला की अंग सैल पडतं, आजूबाजूचे 'वा' म्हणतात, आणि पुढच्या शॉटला माणूस अजून मागच्याच शॉटमध्ये असतो. उपाय साधा आहे: अवघड शॉट गेल्यावर मुद्दाम चॉक लावा. गरज नसली तरी. लावताना टिपेकडे बघा, माणसांकडे नको. तेवढ्या पाच सेकंदांत पुढचा शॉट नव्याने सुरू होतो.

नशिबाने बॉल पडला तरी हेच करा. तिथे लाजेपोटी पुढचा शॉट घाईत मारला जातो.

१२. सोपा शॉट चुकल्यावर पूर्ण गेम डोक्यातून जात नाही.

खुर्चीत बसल्यावर एकच प्रश्न विचारा: निर्णय चुकला की मारणं चुकलं? निर्णय चुकला असेल तर काय ठरवायला हवं होतं ते एका वाक्यात मनाशी म्हणा. मारणं चुकलं असेल तर कुठली पायरी गाळली ते शोधा. बहुतेक वेळा प्रश्न २ मधलीच एखादी सापडेल. दोन्हीतलं काही सापडलं नाही तर सोडून द्या. कुशल माणसाचाही ठरावीक टक्का चुकतो, तुम्ही त्यातला एक आत्ता खर्च केलात.

१३. समोरचा बराच वेळ खेळत राहतो आणि मी खुर्चीत थंड पडतो. मग पहिलाच सोपा शॉट जातो हातचा.

बसून त्याच्या बॉलकडे बघत राहिलात तर मनात 'चुक, चुक' एवढंच चालतं. त्याऐवजी पांढरा कुठे थांबतो ते बघा आणि प्रत्येक वेळी स्वतःसाठी शॉट निवडा. कापड किती वेगवान आहे, कुशन बॉल कसा परत टाकतं, हेही कळतं. पाळी आली की पहिल्या शॉटला सरळ उभं राहून टेबलाभोवती एक फेरी मारा, शॉट कितीही समोर असला तरी. पाय हलले की हातही जागा होतो.

१४. सरावात जातात ते सामन्यात का जात नाहीत?

सरावात चुकला की आपण बॉल परत लावतो. सामन्यात परत लावता येत नाही. म्हणून सरावाचा एक भाग असा ठेवा की चूक झाली तर काहीतरी जाईल. माझा आवडता खेळ: दहा सोपे शॉट सलग, मध्ये एक चुकला की शून्यापासून. आठव्या-नवव्या शॉटला पोटात जो गोळा येतो, तो सामन्यातलाच असतो. अवघड शॉटचा सराव मात्र उलटा करायचा: एकेकच संधी, जागा बदलून, कारण सामन्यात अवघड शॉट दुसऱ्यांदा मिळत नाही.

१५. सोपा शॉट मुद्दाम सोडून द्यावा, अशी वेळ येते का?

येते, आणि एट-बॉलमध्ये (आपले सात बॉल घालून मग आठ नंबर घालायचा, त्या खेळात) वारंवार येते. तुमचे सहा बॉल मोकळे आहेत, सातवा समोरच्याच्या दोन बॉलमध्ये अडकलाय. भराभर सहा घातलेत तर टेबलावर आडोशाला तुमचा एकही बॉल उरत नाही, अडकलेला तसाच राहतो, आणि समोरच्याला मैदान मोकळं मिळतं. अशा वेळी आधी अडकलेला बॉल कधी आणि कशाने सोडवणार ते ठरवा. सोडवायची वाट दिसत नसेल तर पॉकेटच्या तोंडावरचा तुमचा बॉल तिथेच राहू द्या. तो समोरच्याचं पॉकेट अडवतो. शॉट जाहीर करायच्या नियमांत आणखी एक सोय आहे: 'सेफ्टी' असं आधी सांगून स्वतःचा बॉल घातला तर बॉल आतच राहतो आणि पाळी समोरच्याकडे जाते. पांढरा आडोशाला नेऊन ठेवायला याचा छान उपयोग होतो.

इथे मोह मोठा असतो. उघडा बॉल दिसला की हात शिवशिवतो.

१६. माझं उलटं आहे. सोपे जातात, अवघडही जातात, मधलेच चुकतात. तुमच्या उत्तरांत हे कुठे बसतं?

हा मला आलेला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि मला वाटतं पुष्कळांचं खरं दुखणं हेच आहे. सोपा शॉट चुकला तर नाक कापलं जाईल म्हणून तुम्ही सावध असता. अवघडाला सगळं लक्ष एकवटता, शिवाय चुकला तरी कुणी बोलत नाही. मधल्याला यातलं काहीच मिळत नाही. अर्ध्या टेबलावरचा, तीस-चाळीस अंशांच्या कटचा शॉट. तो ना सोपा म्हणून सांभाळला जातो, ना अवघड म्हणून जोखला जातो, आणि त्यातच पांढरा नेमक्या जागी न्यायची अपेक्षा पूर्ण असते.

पुढचे चार-पाच गेम नुसती नोंद ठेवा. प्रत्येक चुकलेल्या शॉटपुढे वाकण्याआधी ठरवलेला पांढऱ्याचा थांबा लिहा: 'तिसऱ्या डायमंडपाशी' (डायमंड म्हणजे टेबलाच्या कडेवरची खूण), 'कुशनपासून वीतभर'. आठवत नसेल तर रकाना रिकामा सोडा. मी हे केलं तेव्हा चुकलेल्या अकरा मधल्या शॉटपैकी आठांपुढचे रकाने रिकामे निघाले.